आहार-प्रश्नोत्तरे : शंभर ग्रॅम बाजरी आणि शंभर ग्रॅम मटार

या वेळच्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे : अख्खं धान्य चांगलं की डब्यातली भाजी? पहिल्या पत्राला मुद्दाम जास्त जागा दिली आहे, कारण पुढच्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं त्यातच येतात.

प्रश्न : मुलाला शाळेतून पोषणमूल्यांच्या तुलनेचा प्रकल्प दिला आहे. त्याने बाजरी आणि डबाबंद मटार यांचे 100 ग्रॅमचे आकडे समोरासमोर मांडले. बाजरीत प्रथिनं 11 ग्रॅम, मटारात साडेचारच्या आत. लोह तर बाजरीत सहापट. म्हणून ‘डबाबंद मटार घेण्यात अर्थ नाही’ असा निष्कर्ष त्याने लिहिला. बरोबर आहे का?
— एक पालक, बार्शी

उत्तर : आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष चुकला आहे. त्याने एका पारड्यात कोरडं धान्य ठेवलं आणि दुसऱ्यात पाणी.

बाजरीच्या दाण्यात पाणी असतं जेमतेम 9 टक्के. डब्यातून निथळून काढलेल्या मटारात ते 80 टक्क्यांच्या वर. म्हणजे 100 ग्रॅम बाजरीत खाण्याजोगा ऐवज 91 ग्रॅम आणि 100 ग्रॅम मटारात फार तर 18-19 ग्रॅम. शिवाय बाजरी कुणी कोरडी फाकत नाही, मटार मात्र डब्यातून आहे तसा ताटात येतो. एक शिजायचा आहे, दुसरा शिजलेला आहे.

आधी मूळ आकडे लिहून घ्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017च्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम बाजरीत सुमारे 348 कॅलरी, 11 ग्रॅम प्रथिनं, साडेअकरा ग्रॅम तंतू, साडेपाच ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश आणि 6.4 मिलिग्रॅम लोह असतं. क जीवनसत्त्व नाही. निथळलेल्या डबाबंद मटाराचे अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यातले आकडे असे : 68 कॅलरी, 4.4 ग्रॅम प्रथिनं, 4 ते 5 ग्रॅम तंतू, 1 मिलिग्रॅमच्या आसपास लोह, 10 मिलिग्रॅमच्या आत-बाहेर क जीवनसत्त्व आणि 250 ते 270 मिलिग्रॅम सोडियम.

आता मुलाला हेच तीन वेगळ्या मापांनी मोजायला सांगा.

पहिलं माप, सारख्या कॅलरींचं. 100 कॅलरी मिळवायला 29 ग्रॅम बाजरी लागते आणि 147 ग्रॅम मटार. तेवढ्या बाजरीतून प्रथिनं मिळतात 3.1 ग्रॅम, मटारातून साडेसहा. तंतू बाजरीतून 3.3 ग्रॅम, मटारातून 6 ते 7. लोहात बाजरी पुढे आहे, पण सहापट नव्हे : 1.8 विरुद्ध साधारण दीड मिलिग्रॅम. आणि मटाराबरोबर जवळपास 390 मिलिग्रॅम सोडियम येतं, जे बाजरीत नगण्य असतं.

दुसरं माप, शिजलेल्या अन्नाचं. 100 ग्रॅम बाजरी भिजवून, कांडून खिचडी केली की ती साडेतीनशे ग्रॅमच्या घरात जाते. मग 100 ग्रॅम खिचडीत बाजरीची प्रथिनं उरतात 3 ग्रॅम, म्हणजे मटारापेक्षा कमी. पण तीच बाजरी भाकरीच्या रूपात खाल्ली तर चित्र पुन्हा उलटतं. 50 ग्रॅम पिठाची भाकरी तव्यावरून उतरल्यावर 70-75 ग्रॅम भरते. तिच्या 100 ग्रॅममध्ये साडेसात ग्रॅम प्रथिनं असतात. धान्य एकच, पाणी किती राहिलं त्यावर ‘विजेता’ बदलतो.

तिसरं माप आमच्या मते सर्वांत कामाचं : ताटातला वाढा. 50 ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून 174 कॅलरी, साडेपाच ग्रॅम प्रथिनं, पावणेसहा ग्रॅम तंतू आणि 3.2 मिलिग्रॅम लोह. अर्धी वाटी, म्हणजे 75 ग्रॅम निथळलेल्या मटारातून 51 कॅलरी, 3.3 ग्रॅम प्रथिनं, साडेतीन ग्रॅमपर्यंत तंतू. पोट भाकरीने भरतं, मटार तिच्या जागी येऊच शकत नाही. उलट बाजरीच्या प्रथिनांत लायसीन हे अमिनो आम्ल कमी पडतं. मटार डाळवर्गीय असल्याने त्याच्यात ते भरपूर आहे, तिथे मेथिओनीन कमी, जे बाजरीत बऱ्यापैकी असतं. भाकरीबरोबर उसळ खाण्याची आपली जुनी जोडी याच हिशेबावर टिकून आहे. प्रकल्पाचा निष्कर्ष लिहायचाच असेल तर तिन्ही मापांचे तक्ते शेजारी शेजारी लावून, माप बदललं की क्रम का बदलतो हे लिहायला सांगा. शिक्षकांना तेच आवडेल.

प्रश्न : डबाबंद भाजी म्हणजे निर्जीव भाजी, तिच्यात नुसता चोथा उरतो, असं आमच्या योगवर्गात सांगितलं गेलं. खरंच सगळी जीवनसत्त्वं मरतात का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : सगळी नाही. काय जातं आणि का जातं हे समजायला डब्यात भाजी कशी भरतात ते पाहावं लागतं.

शेंगा सोलल्यावर दाणे आकारानुसार वेगळे करतात, धुतात आणि 85 ते 95 अंशांच्या गरम पाण्यातून किंवा वाफेतून काही मिनिटं काढतात. यामुळे दाण्यातली विकरं (एन्झाइम) थंडावतात, आतली हवा निघते. मग दाणे डब्यात, वर साधारण 2 टक्के मिठाचं गरम पाणी, बऱ्याचदा थोडी साखरही. हवा काढून झाकण दाबून बसवतात आणि डबे दाबाच्या बंद भांड्यात 121 अंशांपर्यंत तापवतात. एवढी उष्णता भाजी शिजवण्यासाठी नसते. जीवघेणं विष तयार करणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू साध्या उकळीला दाद देत नाहीत, म्हणून डब्याच्या अगदी मधल्या दाण्यालाही 121 अंशांची किमान 3 मिनिटं मिळतील असा हिशेब करावा लागतो. मधला दाणा तापेपर्यंत कडेचे दाणे गरजेपेक्षा कितीतरी जास्त शिजतात. डबाबंद मटार मऊ लागतो तो त्यामुळे.

या प्रवासात क जीवनसत्त्व, थायमिन आणि फोलेट यांना फटका बसतो. काही भाग उष्णतेने नष्ट होतो, काही पाण्यात उतरतो. ताज्या कच्च्या मटारात 40 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, डब्यातल्यात 10च्या आसपास उरतं. तीन चतुर्थांश गेलं. पण थांबा, आपण तरी मटार कच्चा कुठे खातो? घरी उकडून पाणी फेकलेल्या ताज्या मटारात तेच 14 मिलिग्रॅम उरतं. खरा फरक 14 आणि 10 यांतला आहे, 40 आणि 10 यांतला नव्हे.

प्रथिनं, तंतू, लोह, जस्त यांना उष्णतेचं फारसं भय नसतं. टोमॅटोच्या बाबतीत तर डबा उजवा ठरतो. टोमॅटोचा लाल रंग ज्या लायकोपीनमुळे येतो ते पेशींच्या भिंतींत अडकलेलं असतं. तापवल्याने त्या भिंती फुटतात, लायकोपीनची रचनाही बदलते आणि थोड्या तेलाबरोबर ते शरीरात अधिक शोषलं जातं.

एक खूण लक्षात ठेवा. 121 अंशांवर हरितद्रव्य टिकत नाही, म्हणून खरा डबाबंद मटार मळकट, शेवाळी रंगाचा दिसतो. पोपटी, लखलखीत मटार दिसला तर घटकांच्या यादीत 102 आणि 133 हे रंगांचे क्रमांक शोधा. असे दाणे पुष्कळदा सुका वाटाणा भिजवून डब्यात भरलेले असतात. त्यात वाईट काही नाही, पण मग तो ‘ताजा मटार’ समजून पैसे का मोजावेत? सुका हिरवा वाटाणा आणून रात्री भिजवला की 100 ग्रॅमचे दोनशेच्या वर होतात, आणि मीठ आपल्या हातात राहतं.

प्रश्न : सासऱ्यांना रक्तदाब आहे, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं आहे. पावसाळ्यात भाजी मिळत नाही तेव्हा आम्ही टिनचा मटार आणि छोले वापरतो. धुऊन घेतलं की मीठ जातं ना?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : काही जातं, सगळं नाही. मीठ नुसतं पाण्यात नसतं. महिनोन्महिने मुरून ते दाण्याच्या आत गेलेलं असतं. चाळणीत निथळून वाहत्या पाण्याखाली धुतल्याने डबाबंद छोले आणि राजमा यांतलं सोडियम सुमारे 40 टक्के कमी होतं. मटार आणि मक्याच्या दाण्यांत घट त्याहून बरीच कमी असते.

धुण्याची पद्धतही नीट हवी. डबा चाळणीत रिकामा करून 2 मिनिटं निथळू द्या. मग अर्धा लिटर पाणी हळूहळू ओतत दाणे हाताने वरखाली करा, पुन्हा 2 मिनिटं निथळू द्या. डब्यातच पाणी घालून हलवून ओतून टाकण्याने काम अर्धवट होतं, कारण खालचं खारट पाणी तिथेच राहतं.

हिशेब असा मांडा. 400 ग्रॅमच्या डब्यात निथळलेला मटार साधारण 240 ग्रॅम निघतो. त्यात सव्वासहाशे मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे 1.6 ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्या माणसासाठी दिवसाची मर्यादा 5 ग्रॅम मिठाची आहे. चौघांत एक डबा वाटला गेला तर प्रत्येकी अर्धा ग्रॅमही येत नाही. त्यामुळे खरा घोटाळा डब्यात नसून फोडणीत होतो. सवयीने आपण भाजीत पुन्हा चमचाभर मीठ टाकतो. सपाट चहाचा चमचा मीठ म्हणजे 5 ते 6 ग्रॅम. डब्यातला दाणा वापरलात तर भाजी शिजेपर्यंत मीठ घालूच नका. शेवटी चाखा, लिंबू पिळा, मगच ठरवा.

इथे भाकरी कामाला येते. आपली ज्वारी-बाजरीची भाकरी बहुतेक घरांत अळणीच थापली जाते. पाव, टोस्ट, खारी यांच्याजागी भाकरी आली की मिठाच्या हिशेबात मोठी जागा मोकळी होते. त्या जागेत थोडा डबाबंद मटार बसतो. बाजूला पापड आणि लोणचं असेल तर मात्र बसत नाही.

लेबलवर सोडियम लिहिलेलं असेल तर त्याला अडीचने गुणा, मीठ मिळतं. 260 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 650 मिलिग्रॅम मीठ. सासऱ्यांना मूत्रपिंडाचाही त्रास असेल तर ‘कमी सोडियम’ लिहिलेलं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका, त्यात पोटॅशियम असतं.

प्रश्न : मी जर्मनीत शिकतो. इथल्या भारतीय दुकानातून बाजरीचं पीठ आणलं, भाकरी कडू झाली आणि थापताना चिरली. आता रोज डब्यातले छोले आणि टोमॅटोवर भागवतो. धान्याची उणीव कशी भरून काढू?
— एक विद्यार्थी, आखेन

उत्तर : भाकरी तुम्हाला जमत नाही असं नाही, पीठ जुनं आहे. बाजरीत स्निग्धांश पाच टक्क्यांच्या वर असतो. दाणा अख्खा असेपर्यंत तो सुरक्षित राहतो. दळला की स्निग्धांश फोडणारी विकरं मोकळी होतात आणि पीठ आठ-दहा दिवसांत खवट, कडवट होऊ लागतं. महिनाभर जहाजात आणि गोदामात राहिलेल्या पिठाचं काय झालं असेल ते सांगायला नको. चिरण्याचं कारण वेगळं. बाजरीत गव्हासारखं ग्लूटेन नसतं, पिठाला धरून ठेवतो तो त्यातला ओला, तापलेला स्टार्च. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटून राहण्याची ताकद, गेली की तेही साधत नाही. विरी गेलेल्या पिठाला उकळतं पाणी घालून, झाकून 5 मिनिटं ठेवून मळलं तर भाकरी वळते. कडूपणा मात्र कशानेही जात नाही. ते पीठ टाकून द्या.

यापुढे अख्खी बाजरी आणा, मिक्सरमध्ये 200-200 ग्रॅम दळा आणि उरलेलं पीठ हवाबंद पिशवीत फ्रीझरमध्ये ठेवा. तिथल्या दुकानात ‘हिर्झे’ नावाने मिळणारे पिवळे दाणे म्हणजे बाजरी नव्हे. ते वरीच्या जवळचं, साल काढलेलं धान्य आहे. भातासारखं शिजतं, चांगलं लागतं, पण सालीबरोबर बराचसा तंतू गेलेला असतो.

खरं तर बाजरीच्या मागे लागायची गरज नाही. जर्मनीत अख्खं धान्य ओळखणं भारतापेक्षा सोपं आहे. पावावर ‘फोलकोर्न’ लिहिलं असेल तर त्यातलं किमान 90 टक्के धान्य अख्खं असावं लागतं. नुसता तपकिरी रंग किंवा वर चिकटवलेल्या बिया पाहून भुलू नका. ओट्सचे साधे पोहेही अख्ख्या धान्याचेच.

डब्यावर दोन गोष्टी वाचा. ‘आब्ट्रॉपगेविष्ट’ म्हणजे निथळलेलं वजन. दोन डब्यांच्या किमतींची तुलना त्याच वजनावर करा, एकूण वजनावर नको. आणि युरोपात लेबलवर सोडियम नसून सरळ मीठच ग्रॅममध्ये लिहितात, त्यामुळे तिथे अडीचने गुणायचं नाही.

दोन वेळांपुरता बेत सांगतो. 2 मोठे चमचे तेलात 1 कांदा, 4 लसूण पाकळ्या, पाऊण चमचा जिरं परता. टोमॅटोचा 400 ग्रॅमचा डबा घालून 12-15 मिनिटं तेल सुटेपर्यंत शिजवा. धुऊन निथळलेले छोले (240 ग्रॅम) घालून आणखी 5 मिनिटं, तेवढंच. ते आधीच शिजलेले आहेत, जास्त उकळलेत तर लगदा होतो. बरोबर अख्ख्या राईच्या (मोहरी नव्हे, ‘राय’ हे गव्हासारखं धान्य) पावाचे दोन काप. टोमॅटो आंबट लागला तर चिमूटभर गूळ घाला. खायचा सोडा घालू नका, त्याने आंबटपणाबरोबर थायमिनही जातं.

प्रश्न : आमच्या घरी दोन्ही वेळ बाजरीची भाकरी असते. तरीही मुलीचं हिमोग्लोबिन 9च्या वर जात नाही. बाजरीत लोह असतं ना?
— एक आई, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : असतं. पण तक्त्यातलं सगळं लोह रक्तात उतरत नाही. धान्याच्या कोंड्यात फायटिक आम्ल असतं, ते लोह आणि जस्त यांना धरून ठेवतं. बाजरीतली पॉलिफेनॉल्सही तेच करतात. त्यावर भाकरीबरोबर चहा असेल तर चहातले टॅनिन उरलंसुरलं अडवतात. आपल्याकडे सकाळी चहा-भाकरी हा अनेकांचा नाश्ताच आहे, आणि लोहाच्या दृष्टीने ती सर्वांत वाईट जोडी.

दुसरा मुद्दा गरजेचा. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2020च्या शिफारशींत प्रौढ स्त्रीसाठी दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह सांगितलं आहे. 50 ग्रॅम पिठाच्या चार भाकऱ्यांतून 13 मिलिग्रॅमही होत नाही.

करण्यासारखं बरंच आहे. चहा जेवणापासून तासभर लांब न्या. भाकरीबरोबर क जीवनसत्त्व हवंच : अर्धं लिंबू, कच्चा टोमॅटो, आवळा, पेरू. स्वस्त आणि जोरदार म्हणाल तर पेरू. बाजरी 12 तास भिजवून, एक दिवस मोड आणून, वाळवून दळली तर फायटिक आम्ल घटतं. आंबवल्यानेही तेच होतं. ज्वारी-नाचणीच्या आंबिलीची आठवण फक्त उन्हाळ्यात व्हावी असं नाही. पीठ चाळून कोंडा फेकू नका. त्यात फायटिक आम्ल असलं तरी लोहाचा मोठा भागही तिथेच असतो.

बियाणं बदलणंही तुमच्या हातात आहे. ‘धनशक्ती’ हे जास्त लोहाचं बाजरीचं वाण इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था आणि राहुरीचं कृषी विद्यापीठ यांच्या कामातून आलं. त्यात किलोमागे 70 मिलिग्रॅमच्या आसपास लोह मिळतं. तुमच्याच जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांना अशा जास्त लोहाच्या बाजरीची भाकरी आणि शेव देऊन अभ्यास झाला होता. चार महिन्यांत मुलांच्या शरीरातला लोहसाठा वाढलेला दिसला. तो अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला.

मात्र हिमोग्लोबिन 9 असताना नुसत्या आहारावर विसंबू नका. लोहाच्या गोळ्या लागतात. जंत, मासिक पाळीतला अतिस्राव, थॅलेसेमियाचा वाहक असणं यांपैकी काही आहे का हे डॉक्टरांनीच तपासायला हवं. डबाबंद मटार इथे फारसा उपयोगी नाही. त्यातलं उरलेलं क जीवनसत्त्वही भाजी पुन्हा उकळताना कमी होतं.

प्रश्न : स्वीट कॉर्न धान्यात धरायचं की भाजीत? पॅकेटवर तर ‘होल कर्नल’ लिहिलेलं असतं.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : भाजीत. दाणा दुधाळ असताना कोवळं कणीस खुडतात, त्यात पाऊण भाग पाणी असतं. तोच मका शेतात वाळू दिला की धान्य. वाळलेल्या मक्यात 100 ग्रॅममागे 12 ग्रॅम तंतू, डबाबंद स्वीट कॉर्नमध्ये 2 ग्रॅमच्या आसपास. ‘होल कर्नल’ म्हणजे दाणा कुस्करलेला नाही, इतकंच. पात्याने दाणे कापताना देठाकडचा थोडा भाग आणि अंकुराचा काही अंश कणसातच राहतो, म्हणून ते अख्खं धान्यही नव्हे. ‘क्रीम स्टाइल’ घेऊ नका, त्यात बाहेरून स्टार्च आणि साखर असते. पॉपकॉर्न मात्र खरं अख्खं धान्य, लोण्याविना खाल्लं तर.

प्रश्न : मला मधुमेह आहे. भाकरी बंद करून रात्री डबाबंद मटार आणि सूप घेतलं तर चालेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : 50 ग्रॅम पिठाच्या भाकरीत 31 ग्रॅमच्या आसपास पिष्टमय पदार्थ असतात, अर्ध्या वाटी मटारात 9-10. त्यामुळे साखर कमी चढेल हे खरं. पण तुम्ही इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या त्याच मापाने घेत राहिलात तर रात्री साखर एकदम खाली येऊ शकते. औषधाची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घेतल्याशिवाय भाकरी काढू नका. आम्ही दुसरा मार्ग सुचवू : दोन भाकऱ्यांऐवजी एकच खा, ती पातळ न करता चावून खावी लागेल अशी करा, आणि वाटीभर उसळ घ्या. तयार सुपाच्या पाकिटात मीठ आणि मक्याचं पीठच जास्त असतं.

प्रश्न : हिवाळ्यात मटार स्वस्त असतो. बरणीत मिठाच्या पाण्यासह भरून प्रेशर कुकरमध्ये 3 शिट्ट्या दिल्या तर घरीच डबाबंद मटार होईल ना? आणि दुकानातला पोचे पडलेला टिन घ्यावा का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : बरणीचा बेत सोडून द्या. कुकरमधल्या वाफेचं तापमान 120 अंशांच्या आसपास जातं हे बरोबर, पण बरणीच्या मध्यातला मटार तेवढा तापला का, आणि किती वेळ, हे शिट्ट्यांवरून कळत नाही. मटार आंबट नाही. त्याचा सामू (पीएच, जो आंबट पदार्थात कमी असतो) 4.6च्या बराच वर असतो, आणि हवा नसलेल्या बंद बरणीत बोट्युलिनमला नेमकं तेच हवं असतं. त्याच्या विषाला वास नसतो, चवही नसते. लोणचं टिकतं ते मीठ, तेल आणि आंबटपणामुळे. तो नियम मटाराला लावता येत नाही.

त्याऐवजी गोठवा. 4 लिटर पाणी खळखळून उकळा, त्यात एका वेळी अर्धा किलोच दाणे टाका. पाणी पुन्हा उकळू लागल्यापासून घड्याळ लावून दीड ते दोन मिनिटं. लगेच बर्फाच्या पाण्यात तेवढाच वेळ. स्वच्छ कापडावर पूर्ण कोरडे करा, ताटात एका थरात पसरून 2-3 तास फ्रीझरमध्ये ठेवा, मगच पिशवीत भरून हवा काढा. ओले भरलेत तर गोळा होतो. उकळण्याची पायरी गाळलीत तर दोन महिन्यांत दाण्यांना वाळक्या गवतासारखा वास येतो, कारण विकरं थंडीत मंदावतात, मरत नाहीत. पाण्यात साखर, सोडा काहीही नको. फ्रीझर उणे 18 अंशांना असेल तर 8 महिने टिकतात. एकदारी फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात महिना-दीड महिन्यात संपवा. असा मटार मिठाविना असतो आणि क जीवनसत्त्वातही डब्यापेक्षा सरस.

टिनबद्दल : मधल्या भागावर उथळ पोचा असेल तर चालतो. कडेच्या जोडावर पोचा, जोडाजवळ गंज, चिकट ओघळ किंवा फुगलेलं झाकण असेल तर घेऊ नका. घरी आणलेला डबा फुगला किंवा उघडताना फवारा उडाला तर ‘चाखून बघू’ म्हणू नका, न चाखता पिशवीत बांधून टाका. गुरांना-कुत्र्यांनाही घालू नका. उघडलेल्या डब्यातलं उरलेलं अन्न त्याच डब्यात न ठेवता काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा, 3 दिवसांत संपवा. टोमॅटो आणि अननस तर अजिबात डब्यात ठेवू नका. उघडल्यावर हवा लागली की त्यांचं आम्ल धातू सोडवतं आणि चव लोखंडी होते.